‘म्हणे’ची जबाबदारी

मराठीत ‘म्हणे’ असा एक छोटा शब्द आहे. वाक्याच्या शेवटी तो आला की बोलणारा सांगून टाकतो: हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले तुमच्यापर्यंत पोचवतो आहे. ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’ यांतला फरक घरातल्या लहान मुलालाही कळतो. पत्रकारितेची पदवी घ्यायला आलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींना मात्र हा शब्द टाकून द्यायला शिकवले जाते. निवेदन ठाम हवे, आवाजात शंका नको, वाक्य ‘आहे’वर थांबायला हवे. या शिक्षणात काहीतरी नैतिक गफलत आहे असे मला वाटते. ती कुठे आहे हे पाहण्यासाठी काला अंब ही जागा उपयोगी पडेल.

काला अंब पानिपत शहरापासून आठेक किलोमीटरवर आहे. पानिपत जिल्हा आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो, त्यामुळे दिल्ली-नोएडातल्या वाहिन्यांची गाडी तिथे सहज पोचते. तिथे एक स्मारकस्तंभ आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांच्यात झालेल्या युद्धाची ती खूण. दरवर्षी त्या तारखेला तिथे लोक जमतात. हरियाणातल्या रोड समाजातले अनेकजण स्वतःला पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात, तेही येतात; महाराष्ट्रातूनही माणसे जातात. एखाद्या विद्यार्थिनीला सांगितले, की या स्तंभासमोर उभी राहून कॅमेऱ्याकडे बघत दोन मिनिटांचा पीटीसी कर, तर ती साधारण काय बोलेल याचा अंदाज आपण बांधू शकतो. संक्रांतीच्या दिवशी इथे लढाई झाली. रक्त इतके सांडले की इथला आंबा काळा पडला. इथेच सदाशिवराव भाऊ धारातीर्थी पडले.

तीन वाक्ये, तिन्ही ‘आहे-झाले’च्या घरातली. आता एकेक उचलून पाहू.

संक्रांतीचे वाक्य तपासायला ग्रंथालयही लागत नाही. संक्रांत हळूहळू पुढे सरकते, सुमारे सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा, आणि तो मकरसंक्रांतीचा दिवस होता. मग त्याच्याही शंभर वर्षे आधी संक्रांत १४ तारखेला कशी येईल? ती दहा जानेवारीच्या आसपास होऊन गेलेली असणार. ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार आपल्या मनात पानिपताशी इतका घट्ट बांधला गेला आहे, की आपण पंचांगाकडे पाहतच नाही. ही चूक निरुपद्रवी आहे. पण ठाम आवाजात सांगितलेले चुकीचे वाक्य किती खरे वाटते, हे तिच्यावरून समजते.

आंब्याचे वाक्य वेगळ्या जातीचे. तो वृक्ष आज उभा नाही, आणि रक्ताने पाने काळी झाली याला झाड पुरावा देऊ शकत नाही. इथे हुशार विद्यार्थी म्हणेल, ही भाकडकथा, गाळून टाका. मला तेही बरोबर वाटत नाही. आंबा काळा पडला की नाही हे ठाऊक नसले, तरी लोकांनी पिढ्यानपिढ्या तसे सांगितले आणि जागेला तेच नाव दिले, हे निश्चित आहे. कथा गाळली तर त्या जागेविषयीची एक खरी बातमी गळते. ‘म्हणे’ न लावता सांगितली तर खोटी बातमी तयार होते. ‘आंबा काळा पडला म्हणे’ हेच तिथले अचूक वाक्य आहे.

तिसरे वाक्य सर्वांत जड, कारण त्याच्याशी एका बाईचे आयुष्य जोडलेले होते. पानिपताची पहिली खबर नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून मिळाली असे सांगतात. माणसांची नावे नव्हती. मोती, मोहरा, रुपये आणि खुर्दा यांच्या भाषेत हानी कळवलेली होती. त्यातला मोहरांचा आकडादेखील सांगणाऱ्यागणिक बदलतो. काशिराज पंडित हा शुजाउद्दौलाच्या पदरी असलेला दक्षिणी ब्राह्मण त्या युद्धाच्या वेळी तिथे होता. त्याने पुढे बऱ्याच वर्षांनी फारसीत हकीकत लिहिली. मस्तक नसलेले एक शव अंगावरच्या खुणांवरून भाऊंचे म्हणून कसे ओळखले गेले, ते तो सांगतो. पुण्यात मात्र शंका उरली. भाऊंची पत्नी पार्वतीबाई सैन्याबरोबर पानिपतावर होत्या, तिथून जीव वाचवून परत आल्या होत्या. पती गेले हे त्यांनी मानले नाही आणि वैधव्य स्वीकारले नाही. याच फटीतून एक तोतया आला. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याची चौकशी झाली, त्याला कैदेत टाकले. पुढे सुटून १७७६मध्ये त्याने कोकणात मोठे बंड उभे केले, आणि पकडला जाऊन पुण्यात देहदंडाला सामोरा गेला. ‘केसरी’चे संपादक न. चिं. केळकर यांनी याच विषयावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले.

आता आपल्या विद्यार्थिनीला विचारू: पार्वतीबाई ऐकत असत्या तर तू काय सांगितले असतेस? ‘भाऊ पडले’ म्हणणे म्हणजे स्वतः न पाहिलेल्या मृत्यूची साक्ष देणे. ‘भाऊ जिवंत असू शकतात’ म्हणणे म्हणजे तोतयासाठी दार किलकिले ठेवणे. प्रामाणिक उत्तर लांबलचक आणि अपुरे आहे: अमक्याने अमक्या खुणांवरून शव ओळखले असे तो सांगतो, तो शुजाच्या बाजूचा होता, आणि मी स्वतः पाहिलेले नाही. एवढ्याने कुणाच्या मनाला शांतता मिळणार नाही. पण ऐकणाऱ्याला निर्णय स्वतः घेता येतो, आणि तो हक्क तिचाच आहे. ठाम निवेदन तो हक्क परस्पर काढून घेते. माझा आक्षेप मुख्यतः यालाच आहे.

यावर एक रास्त प्रतिवाद होईल. ‘म्हणे’ काय कमी बदनाम आहे? चहाडी करणारेही तोच शब्द वापरतात. ‘म्हणे’ लावला की काहीही सांगायला मोकळीक. खरे आहे. वाहिन्यांवर रोज ऐकू येणारे ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ हे त्याच चहाडीचे इस्त्री केलेले रूप आहे. घरातला ‘म्हणे’ निदान शंका दाखवतो; हे ‘सूत्र’ शंका झाकते आणि वर वजन वाढवते. म्हणून ‘म्हणे’ एकटा पुरत नाही. कोण म्हणते, केव्हा, कुणाच्या पदरी असताना, हे त्याला जोडावे लागते. सूत्राचे नाव उघड करता येत नसेल, तर का येत नाही हे तरी सांगावे लागते.

हे शिकायला विद्यापीठ कशाला, असे जुने पत्रकार विचारतात. टिळक-आगरकरांकडे कुठे ही पदवी होती? लाहोरच्या पंजाब विद्यापीठात हे शिक्षण १९४१मध्ये सुरू झाले. फाळणीनंतर तो विभाग दिल्लीत चालला आणि १९६२मध्ये चंडीगढला गेला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२पासून पत्रकारिता शिकवली जाऊ लागली, आणि पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून मराठी वृत्तपत्रांना कित्येक माणसे मिळाली. तरीही आक्षेपात तथ्य आहे. मथळा लिहिणे, कॅमेरा धरणे, दृश्ये जोडणे हे कामावर अधिक लवकर शिकता येते. विद्यापीठाकडे वृत्तकक्षापेक्षा अधिक असे एकच असते: वेळ. तिथे उशीर झाला तरी कुणाचे नुकसान होत नाही. एक वाक्य तपासायला चार दिवस लावण्याची मुभा आयुष्यात पुन्हा मिळत नाही. ही मुभा वृत्तकक्षाची घाई आधीच शिकवण्यात घालवली, तर पदवीला अर्थ उरत नाही.

फीसाठी कर्ज काढलेल्या मुलीला हे सांगणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. मुलाखतीत तिच्याकडे वेग मागतील. वेग तिला यायलाच हवा, आणि तो सहा महिन्यांत येईलही. पण आपले कुठले वाक्य पाहिलेले, कुठले ऐकलेले आणि कुठले नुसते हवेहवेसे वाटणारे, हे ओळखण्याची सवय घाईत लागत नाही. ती आधी लागलेली असावी लागते.

तिच्या गुणपत्रिकेत आवाज, उच्चार, दृश्यमांडणी यांचे रकाने असतात. त्यांत आणखी एक असावा: ‘हे मला ठाऊक नाही’ असे तिने किती वेळा, आणि योग्य जागी, म्हटले.