शपथेवाचूनचे सत्य

चिंचवडच्या एका व्याख्यानमालेत यंदा एका विद्वान वक्त्यांनी, विषय राष्ट्रीय चारित्र्याचा असताना, वाटेत थांबून ख्रिस्ती समाजाला एक चिमटा काढला. शब्दपालनाचे प्रवचन ज्यांच्या देवळांतून दर रविवारी होते, त्यांच्याच पंडिता रमाबाईंनी विधवा मुलींसाठी काढलेल्या शारदासदनात धर्मोपदेश न करण्याचा दिलेला शब्द मोडला, आणि याचा दाखला सदनाचे सल्लागार खुद्द रानडे व भांडारकर यांच्या राजीनाम्यात आहे, असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. टाळ्यांचे मला फारसे वाटले नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यावर जे उत्तर दिले, त्याचे मात्र वाटले. ‘ख्रिस्ती माणसाचा शब्द म्हणजे रजिस्टर केलेला करारनामा,’ असे म्हणून, वाद मिटला या समाधानात त्यांनी चहा घेतला. हा लेख त्या दोघांसाठी आहे, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्यांसाठी अधिक.

आमची कित्येक घराणी नगर आणि जालन्याकडच्या, दुष्काळाने व जातीने गांजलेल्या गावांतून या कारखान्यांच्या पट्ट्यात आली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, मग आकुर्डी, भोसरी, आणि आता चाकण. येथे करारनाम्यांचा तुटवडा कधीच पडला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या इसमास सलग सेवेचे संरक्षण दिले, आणि तेव्हापासून कित्येक कंत्राटदारांच्या पंचांगात तो २४० वा दिवस अमावास्येसारखा टाळण्याचा झाला : सात महिने भरले की पोराला ‘ब्रेक’ द्यायचा, महिन्याभराने नव्या हजेरीपटावर पुन्हा घ्यायचा, आणि ‘परमनंटचं बघू’ असा शब्द तेवढा तोंडी द्यायचा. कागदावर एकही कलम मोडलेले दिसत नाही. जो शब्द करारनाम्याइतका पक्का असतो तो करारनाम्याइतकाच पोकळही असू शकतो, हे आमच्या वडीलधाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. शब्द तर हेरोदानेही पाळला होता. भरल्या मेजवानीत वाहिलेली शपथ मोडू नये म्हणून त्याने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात घालून दिले. तेव्हा शब्दपालन हाच सद्गुण असेल, तर त्या रात्री त्या वाड्यात सर्वांत सद्गुणी इसम तोच होता म्हणायचे.

याहून जवळचे उदाहरण हवे असेल, तर एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यातला तपासणीचा तक्ता पाहावा. नियम असा की ट्रेनीने दर तासाला पाच नग उचलावेत, मायक्रोमीटरने मोजावेत, आकडा लिहावा आणि सही करावी. घडते ते असे की शिफ्ट सुटायला दहा मिनिटे उरली, बाहेर बस उभी राहिली, म्हणजे एकाच बॉलपेनने, अक्षराच्या एकाच कलाने, आठ तासांचा रकाना एका बैठकीत भरला जातो : १२.०२, १२.०१, १२.०३, आणि संशय येऊ नये म्हणून मध्येच एखादा १२.०४. मायक्रोमीटर आपल्या डबीत असतो. नग बहुधा चांगलेच असतात, म्हणून कोणाला पाप केल्यासारखेही वाटत नाही. ग्राहक कंपनीचे ऑडिट असले की मात्र त्याच हातांनी प्रत्येक नग खरोखर मोजला जातो.

हीच तऱ्हा किती मोठ्या प्रमाणावर चालू शकते, हे सप्टेंबर २०१५ मध्ये जगाला कळले. फोक्सवॅगनच्या डिझेल इंजिनांत, चाचणी चालू आहे हे ओळखणारे सॉफ्टवेअर होते. चाचणीपुरते धुराचे प्रमाण आटोक्यात, आणि गाडी रस्त्यावर आली की सारे मोकळे. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा हा प्रश्न होता. भारतातही ३ लाख २३ हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा त्याच डिसेंबरात झाली, येथील नियमांचा भंग झाल्याचे कंपनीने मान्य केले नसले तरी. त्या कंपनीचा चाकणचा कारखाना २००९ पासूनचा. तेथल्या कामगाराचा या सॉफ्टवेअरशी संबंध जोडणे अन्यायाचे होईल. मला त्या यंत्रणेतील तत्त्वज्ञानाशी कर्तव्य आहे. ती गाडी शपथेवर खरे बोलत होती आणि शपथ नसताना खोटे.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने शपथच वाहू नका असे सांगितले, त्याचा अर्थ मला येथे लागतो. शपथ वाणीचे दोन भाग पाडते : एक साक्षीदारांसमोरचा, बंधनकारक, दुसरा रोजचा, ज्याचा हिशेब कोणी मागत नाही. मंदिराची शपथ वाहिली तर सुटका आहे, मंदिरातील सोन्याची वाहिली तर नाही, असा सूक्ष्म भेद करणाऱ्या शास्त्र्यांचा त्याने तेविसाव्या अध्यायात समाचार घेतला, तो यासाठीच. सारी वाणी सारखीच साक्षीतली मानली, म्हणजे शपथेला कामच उरत नाही.

आता रमाबाई. वकिली बचाव सोपा आहे, आणि आमच्या लोकांनी तो शंभर वर्षे केला आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले, पुढे पुण्यास आणलेले शारदासदन हे धर्मोपदेशाचे ठिकाण असणार नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, ही अट होती. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीची हमी याच धोरणावर दिली होती. रमाबाईंनी मुलींवर सक्ती केली नाही. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. शिवाय सदनात आरंभापासून राहिलेल्या गोदूबाई हिंदूच राहिल्या आणि मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. त्याच वर्षी केसरीचा भडिमार टिपेला पोहोचला आणि सल्लागारांनी अंग काढून घेतले, हा योगायोगही वक्त्यांनी सांगावयास हरकत नव्हती.

परंतु हा बचाव मला पुरत नाही. तो अक्षराचा बचाव आहे, मंदिर आणि सोने यांतील भेदाच्या जातीचा. रानडे भोळे नव्हते. त्यांनी मुलींच्या पालकांपुढे आपली पत गहाण ठेवली होती. आणि आईसारखी माया करणाऱ्या बाईचे उघडे दार हे सतरा वर्षांच्या विधवेला निमंत्रणच असते, हे त्यांनी ओळखले असेल, तर त्यांचे काय चुकले? अटीतून रमाबाईंनी ‘मी ओढणार नाही’ एवढेच घेतले होते. सल्लागारांनी ‘तुमचा परिणामच होणार नाही’ असे घेतले. दुसरी गोष्ट कोणाही जिवंत माणसाला शक्य नसते. १८८९ साली ती अट तशी संदिग्ध स्वीकारणे, हा रमाबाईंचा दोष मी मानतो. १८९३ साली दार लावून न घेणे, हा मानीत नाही.

कारण दार लावणे म्हणजेच ते सॉफ्टवेअर. आत ख्रिस्ती, तपासनीस आला की तटस्थ. हे त्यांच्याकडून होणे नव्हते, आणि याचा पुरावा पुण्यात शोधू नये, इंग्लंडात शोधावा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या मठवासी भगिनींच्या आश्रयाला त्या होत्या, ज्यांचे अन्न खात होत्या, त्यांतील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने छापला गेला आहे. त्यात ही पंचविशीतली, परदेशातली, लहान मुलीची विधवा आई, जे मत पटले नाही त्याला होकार देत नाही. येथील पुरोहितांचे जू फेकून तेथील पुरोहितांचे मानेवर घेणार नाही, असे आपल्या उपकारकर्त्यांना स्पष्ट कळविते. चर्चला जिने खोटा होकार दिला नाही, तिने पुण्याला खोटा नकार द्यावा, अशी अपेक्षा का करावी? पुढे १८९८ साली दहा वर्षांची मुदत संपली, असोसिएशनची नव्याने मांडणी झाली, आणि दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी उभे राहिलेले केडगावचे मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती म्हणून चालले. जुनी पाटी ठेवून नवा कारभार करण्याची सोय त्यांनी घेतली नाही. तेव्हा वक्त्यांनी पुढील खेपेस १८९३ चा राजीनामा वाचून दाखवावा, पण वाँटेजची पत्रेही वाचून घ्यावीत.

आणि आमच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. तक्त्यात न मोजलेला आकडा लिहू नकोस, असे तुम्ही मंडळीतल्या त्या कंत्राटी पोराला अवश्य सांगा. परंतु सुपरवायझरला तो ‘मोजले नाही’ असे खरे सांगेल, तेव्हा त्याला त्याच आठवड्यात ब्रेक मिळू शकतो. त्याचे तीन महिन्यांचे खोलीभाडे मंडळीच्या निधीतून द्यावयाचे, असा ठराव आधी पंचांच्या बैठकीत मंजूर करा, इतिवृत्तात नोंदवा, आणि मग व्यासपीठावर चढा.