रिकाम्या यंत्राचे भाडे

ज्या वस्तूचा आपणांस तूर्त उपयोग नाही ती दुसऱ्यास वापरावयास द्यावी आणि त्याबद्दल चार पैसे घ्यावेत, यात अनीती ती कोणती? प्रश्न इतका साधा आहे की, तो विचारणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहतील. घरातली रिकामी खोली भाड्याने जाते. पेरणी आटोपलेल्या शेतकऱ्याचा बैल शेजाऱ्याच्या शेतात औत ओढतो. मग रात्री सारे घर निजले असता मेजावर नुसता पडून राहिलेला संगणक कोणा दूरस्थाच्या आकडेमोडीस जुंपला, आणि महिनाअखेर त्याबद्दल काही रक्कम पदरात पडली, तर नीतिशास्त्राने त्यात नाक खुपसण्याचे कारण काय?

आमच्या मते कारण आहे, आणि त्याचा धागा या व्यवहाराच्या इतिहासातच सापडतो. कारण आरंभी हा व्यवहार भाड्याचा नव्हताच. तो दानाचा होता.

प्वेर्तो रिको बेटावरील अरेसिबो येथे एक प्रचंड रेडिओ दुर्बीण होती. तिने टिपलेल्या लहरींच्या कोलाहलात परग्रहावरील कोणा बुद्धिमान जीवांचा संकेत दडला आहे काय, हे पाहावयाचे म्हणजे अफाट गणित करणे आले; आणि तेवढी गणनशक्ती बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांपाशी नव्हती. ती लोकांच्या घरोघरी मात्र होती. तेव्हा १७ मे १९९९ रोजी 'सेटी ॲट होम' हा उपक्रम त्यांनी लोकांपुढे ठेवला. मालक यंत्रापासून उठला की यंत्राने दुर्बिणीच्या नोंदींचा एक लहानसा तुकडा तपासावयास घ्यावा, आणि मालक परत आला की मुकाट्याने बाजूस सरावे, अशी ती योजना होती. पुढील वर्षांत पन्नास लाखांहून अधिक लोक तीत सामील झाले. ३१ मार्च २०२० रोजी घरोघरी काम वाटणे थांबविण्यात आले, तोवर परग्रहवासीयांचा एकही संकेत हाती लागला नव्हता. त्याच वर्षाच्या १ डिसेंबरास ती दुर्बीणही कोसळली. आणि तरीही, आपली रात्र फुकट गेली, अशी तक्रार घेऊन कोणी बर्कलीच्या दारी गेला नाही. दिलेल्या वस्तूचे फळ न मिळणे आणि विकलेल्या वस्तूचा पैसा न मिळणे, या दोन दुःखांची जात किती भिन्न आहे ते येथे दिसते.

२००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या 'फोल्डिंग ॲट होम'चे उदाहरण याहूनही बोलके आहे. प्रथिनांचे रेणू स्वतःभोवती कसे दुमडतात याचा तो अभ्यास; त्याचा संबंध रोगांशी आणि औषधांशी. २०२० च्या महासाथीत माणसे घरांत कोंडली गेली असता त्यांनी आपली यंत्रे या कामास एवढ्या संख्येने लावली की, सेकंदास एकावर अठरा शून्ये इतक्या गणितांचा वेग या विखुरलेल्या समूहाने ओलांडला. तोवर जगातील कोणत्याही एकट्या महासंगणकाने तो जाहीरपणे गाठला नव्हता.

पैशाचा प्रवेशही फार उशिरा झाला असे नव्हे. रिकामी गणनशक्ती घाऊक विकत घेऊन विकावी, असे अमेरिकेतील काही कंपन्यांनी २००० सालच्या सुमारासच मनात आणले होते; त्या लवकरच निवर्तल्या. पुढे नाणेच इंटरनेटवर जन्मास येऊ लागले तेव्हा या कल्पनेस नवे पंख फुटले. २०१३ मध्ये निघालेल्या 'ग्रिडकॉइन'ने विज्ञानासाठी केलेल्या गणनेबद्दल नाणी देऊ केली. २०१६ मध्ये 'गोलेम'ने संगणकशक्तीचा एक खुला बाजारच मांडण्याचा मनसुबा जाहीर केला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी 'इथेरियम' या नाण्याने आपली घडण बदलली, आणि त्याच्या खाणकामासाठी लोकांनी विकत घेतलेली असंख्य ग्राफिक्स कार्डे एका दिवसात बेकार झाली. त्यांतील कित्येक आज चित्रे घडविणाऱ्या वा भाषा शिकणाऱ्या यंत्रबुद्धीच्या सेवेत तासाच्या भाड्याने राबत आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'रिकामे' या शब्दातच पहिली गफलत आहे. खोली रिकामी असते तेव्हा भाडेकरू आल्याने तिच्या भिंती तापत नाहीत. संगणकाचे तसे नाही. त्याचे रिकामपण बैलाच्या रिकामपणासारखे आहे: दावणीस उभा असता तो थोडे खातो, औतास जुंपला की अधिक खातो आणि झिजतो. यंत्र स्वस्थ असता ६० वॉट वीज खात असेल आणि पूर्ण राबू लागले की ३०० वॉट, असे धरून चालू. रात्रीच्या दहा तासांत २४० वॉटांचा हा फरक २.४ युनिट होतो; युनिटास १० रुपये धरले तर रात्रीस २४ रुपये, महिन्यास ७२० रुपये. दलालाकडून येणारी रक्कम याहून कमी असेल, तर आपण रिकामी शक्ती विकत नसून वीज तोट्यात विकत आहो, एवढाच त्याचा अर्थ. पंख्याची धूळ, वाढलेली उष्णता आणि यंत्राचे घटलेले आयुष्य यांचा हिशेब तर अजून मांडलाच नाही.

हे गणित नीतीचे नव्हे, व्यवहाराचे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु व्यवहारातून नीती डोकावते ती अशी: ज्या धंद्यात विजेचे बिल हाच मुख्य खर्च, त्यात ज्याचे बिल दुसरा भरतो त्याला सर्वाधिक नफा. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका तांत्रिक महाविद्यालयातील संगणकांची देखरेख करणाऱ्या मनुष्याने महाविद्यालयाच्या यंत्रांवर एका सार्वजनिक गणनस्पर्धेचे काम लावून दिले. स्पर्धा संकेतलिपी फोडण्याची होती आणि तीत बक्षीसही होते. त्याच्यावर फौजदारी खटला भरण्यात आला आणि जानेवारी २००२ मध्ये तडजोड होऊन एक वर्षाची देखरेख, २१०० डॉलर आणि काही तासांची लोकसेवा यांवर प्रकरण मिटले. खटला अपराधाच्या मानाने फारच अवजड होता, असे आमचे मत आहे. तथापि मूळ मुद्दा खोटा ठरत नाही. ती यंत्रे रिकामी होती खरी, पण ती त्याची नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये रशियातील सारोव येथील अण्वस्त्र-संशोधन केंद्रातील काही अभियंत्यांना अटक झाली, तीही केंद्राचा महासंगणक बिटकॉइन मिळविण्यास लावण्याच्या प्रयत्नावरून. वसतिगृहाच्या विजेवर रात्रभर यंत्र राबवून नाणी जमविणारा विद्यार्थी या अभियंत्यांचा धाकटा भाऊच होय; फरक प्रमाणाचा आहे.

आणि दुसऱ्याची वीज वापरण्याची ही युक्ती शेवटास नेली म्हणजे 'कॉइनहाइव्ह' जन्मास येते. सप्टेंबर २०१७ मध्ये निघालेल्या या सोयीने संकेतस्थळाच्या मालकास असे सुचविले की, वाचक पान उघडून बसला असता त्याच्या यंत्राकडून 'मोनेरो' नाण्याचे खाणकाम करून घ्यावे. शेकडा सत्तर भाग मालकाचा, तीस कॉइनहाइव्हचा. वाचकाचा भाग कोणता, तर तापलेले यंत्र. थोड्याच काळात चोरांनी ती लिपी परक्यांच्या संकेतस्थळांवर मालकास न कळत चिकटविली. ८ मार्च २०१९ रोजी हा कारखाना बंद पडला. तत्रापि निष्पक्षपणे हेही नमूद केले पाहिजे की, फेब्रुवारी २०१८ मध्ये 'सॅलन' या अमेरिकन नियतकालिकाने तीच युक्ती उघडपणे वापरून पाहिली: जाहिराती नको असतील तर तुमच्या यंत्राची थोडी शक्ती आम्हांस द्या, असे वाचकास आधी विचारून. साधन एकच, पण विचारणे आणि न विचारणे यांनी एक सौदा झाला आणि दुसरी चोरी.

येथवर फारसा मतभेद होणार नाही. स्वतःचे यंत्र, स्वतःची वीज आणि स्वतःची संमती असली म्हणजे मात्र प्रश्न संपला, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तो तेथेच सुरू होतोसा वाटतो.

आपल्या खेड्यांत 'इर्जिक' नावाची एक रीत होती. एखाद्याचे शेत वेळेवर नांगरून होत नसेल तर गावचे लोक आपापली औते घेऊन त्याच्या शेतात उतरत, एका दिवसात काम उरकत, आणि तो त्यांस जेवू घाली. पैसा नाही, पण मोबदला नाही असेही नाही. या रीतीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. जात आणि मानपान तेथेही होतेच. आम्हांस दाखवावयाचे ते एवढेच की, आपला बैल कोणाच्या बांधात गेला, त्याने काय नांगरले, हे बैलाच्या धन्यास ठाऊक असे. आजचा यंत्राचा धनी सकाळी उठून पाहतो तो त्याच्या खात्यावर काही नाणी जमा झालेली असतात. रात्री काय घडले? एखाद्या चित्रपटाचे दृश्य रंगविले गेले असेल, एखाद्या औषधाचा रेणू तपासला गेला असेल, किंवा कोणाचा तरी परवलीचा शब्द फोडला गेला असेल. बहुधा त्याला ते कळत नाही आणि, खरे म्हणजे, त्याने ते जाणू नये अशीच रचना असते. कारण गिऱ्हाइकालाही आपले गुपित राखावयाचे असते.

यावर एक आक्षेप सबळ आहे. लोहार सुरी विकतो. तिने भाजी चिरावी की गळा, हे तो विचारीत नाही. वीज कंपनीही दिव्याखाली काय चालते ते पाहावयास येत नाही. मग संगणकवाल्यानेच का चौकशी करावी? आमचे उत्तर असे की, सुरी विकल्यावर ती लोहाराच्या दुकानातून जाते. पुढील कृत्य दुसऱ्याच्या हाताने, दुसऱ्याच्या घरी होते. येथे वस्तू घरातच राहते आणि कृत्य तिच्याकडूनच होते. संकेत फोडणे म्हणजे गणित करण्यावाचून दुसरे काही नाही. जो ते गणित करतो तोच फोडतो. 'गुणाकाराला पाप-पुण्य नसते' हे खरे, पण मग चाव्या घासणाऱ्या कानशीलाही ते नसते. हा व्यवहार सुरी विकण्याहून आपला गडी रात्रपाळीस धाडण्याच्या अधिक जवळचा आहे, आणि गडी कोठे जातो हे न विचारणारा धनी भला मानला जात नाही.

ही भीती काल्पनिक नव्हे. २०१५ मध्ये उघडकीस आले की, 'होला' ही फुकट सेवा वापरणाऱ्या लोकांच्या इंटरनेट-जोडणीचा रिकामा भाग तिचे चालक 'ल्युमिनाती' या नावाने इतरांस विकत होते. त्याच मार्गाने एका संकेतस्थळावर मारा झाला, तेव्हा गोष्ट चव्हाट्यावर आली. ज्यांच्या घरातून तो मारा गेला त्यांना त्याचा गंधही नव्हता. तेथे तर मोबदल्याचे पैसेही नव्हते, केवळ फुकट सेवेचे आमिष होते. पैसे मिळाले असते तर त्यांचे दायित्व कमी झाले असते की वाढले असते? आम्ही म्हणतो, वाढले असते. भाडे घेणारा, 'मला काय ठाऊक?' असे म्हणू लागला तर, 'ठाऊक करून घेण्याचे तुला कोणी सुचविले नव्हते काय?' हा प्रतिप्रश्न त्यास चुकत नाही.

मग दानच श्रेष्ठ आणि विक्रय हीन, असे म्हणावे काय? १९७० साली रिचर्ड टिटमस या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने रक्तदानावर लिहिलेल्या ग्रंथात, रक्ताला किंमत लाविली की देणाऱ्याची वृत्ती आणि रक्ताची शुद्धता दोन्ही बिघडतात, असे प्रतिपादन केले होते. ते मत येथे जसेच्या तसे लागू करावयास आम्ही धजत नाही. गणिताचे उत्तर पैसे घेतल्याने अशुद्ध होत नाही. ते दोन यंत्रांकडून करवून ताडून पाहता येते. शिवाय दानाची थोरवी सांगणारे पुष्कळदा असे असतात की ज्यांना विजेचे बिल भरताना दोनदा विचार करावा लागत नाही. ज्या विद्यार्थ्याने पै-पै जमवून यंत्र घेतले, त्याने त्याच्या कमाईतून पुस्तके घेतली तर त्याला उपदेश करण्याचा अधिकार कोणास आहे?

तथापि पैशाने एक सूक्ष्म बदल होतो खरा. ज्या तासाला काल किंमत नव्हती त्याला आज भाव आला, की स्वस्थ बसलेले यंत्र डोळ्यांत खुपू लागते. मग मुलाने त्यावर घटकाभर खेळावे की नाही, याचाही मनातल्या मनात हिशेब सुरू होतो. सेटीच्या यंत्राने मालकाची चाहूल लागताच बाजूस सरावयाचे होते. भाड्याच्या यंत्रापाशी मालकच हळूहळू बाजूस सरू लागतो. रिकाम्या न्हाव्याच्या तुंबड्यांची म्हण आपल्याकडे प्रसिद्ध आहेच, पण त्या बिचाऱ्याला कुडाकडून पैसे तरी मिळत नव्हते.

राहिला प्रश्न उपायाचा. तो शोधण्यास फार दूर जावयास नको. सेटीच्या संशोधकांनीच पुढे 'बोइंक' नावाची जी व्यवस्था उभारली, तीत आपल्या यंत्राने कोणत्या प्रकल्पाचे काम करावे आणि कोणास किती वाटा द्यावा, हे मालकास स्वतः ठरविता येते. हवामान पाहिजे तर हवामान, तारे पाहिजेत तर तारे. दान घेणाऱ्यांना जे जमले ते भाडे देणाऱ्यांना न जमावे, असे त्यात तंत्राचे काहीच नाही. निदान कामाचा वर्ग आणि गिऱ्हाइकाचे नाव यंत्राच्या धन्यास दिसावे, आणि नको ते काम नाकारण्याची त्यास मुभा असावी, एवढी मागणी त्याने दलालापुढे अवश्य ठेवावी. अशा अटींवर गिऱ्हाईक यावयाचे नाही, असे दलालाने सांगितले तर कोणती गिऱ्हाइके यावयाची नाहीत, हे त्याला तेथेच विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत यंत्र रात्री बंद ठेवावे.