गोणपाटावरचे शंभर दाणे

एका गावात एक जोडपं राहत होतं. चार एकर कोरडवाहू रान, त्यात पावसाळ्यात सोयाबीन. तेवढ्यावर भागत नाही म्हणून तो रात्री तालुक्याच्या पावभट्टीवर कामाला जाई. लग्नाला सहा वर्षं झाली होती. तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना भरायच्या आत गर्भ पडला.

सासू म्हणे, "जमीनच धड नसंल तर बी काय करंल?" शेजारणी माना डोलावत. तिने सोनोग्राफी केली, रक्त तपासून घेतलं, उपास धरले. त्याचीही एक तपासणी झाली. मिलिलिटरमागे 4 कोटी शुक्राणू, त्यातले निम्मे हालते. जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा 1.6 कोटींची. रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलेलं होतं. त्याने तो कागद घडी घालून पेटीत ठेवला आणि घरापुरता निकाल लागला.

मे महिना सरत आला की बियाणं तपासायचं काम तिचं असे. तिने गोणपाट भिजवलं, त्यावर दहा दहाच्या ओळीत 100 दाणे मांडले, गुंडाळी करून सावलीला ठेवली आणि रोज पाणी शिंपडलं. आठवड्याने गुंडाळी सोडली. कोंब मोजले तर 52 भरले. निदान 70 तरी हवे होते.

त्याने न उगवलेला एक दाणा उचलला. टपोरा, कुठे डाग नाही. "दिसायला तर सगळे सारखेच होते," तो म्हणाला.

"सुगीत तुम्ही पोती उंचावरनं आपटलीत," ती म्हणाली. "वर तापल्या पत्र्याखाली थप्पी लावली. सोयाबीनचं साल पातळ. आतला कोंब दुखावतो, बाहेरून कळत नाही."

त्या रात्री भट्टीत पाव सरकवताना तो दाणा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी पेटीतला कागद घेऊन तो एकटाच दवाखान्यात गेला.

"डॉक्टर, हे दाणे मोजलेत. आतलं कसं बघतात?"

डॉक्टरांनी दुसरी तपासणी लिहून दिली, शुक्राणूंच्या डीएनएची. रिपोर्ट आला. शंभरातल्या 38 शुक्राणूंच्या आतला धागा तुटलेला होता.

"शुक्राणूच्या डोक्यात बापाकडचा वारसा घट्ट गुंडाळून भरलेला असतो," डॉक्टर म्हणाले. "धागा तुटला तरी शुक्राणू पळतो, धडही दिसतो. गर्भही राहू शकतो. तो वाढायला लागला, वारशाची गरज पडली, की अडतं. आकडा 30च्या वर गेला की गर्भ राहणं कठीण होतं आणि पडायची भीती वाढते. तुमच्या बाबतीत हेच कारण, असं छातीठोक नाही सांगता येत. पण काम काय करता?"

"भट्टीवर."

"विडी?"

"दिवसाला एक बंडल."

डॉक्टरांनी मान हलवली. "अंडकोष शरीराबाहेर असतात ते दोन-तीन अंश गार राहावेत म्हणून. उष्णता आणि तंबाखू, दोन्हींनी आतला धागा झिजतो."

"तुटलेला जोडता येतो?"

"तयार झालेल्या शुक्राणूला स्वतःची दुरुस्ती जमत नाही. ती करतं बाईचं बीज. शुक्राणू आत आला की थोडीफार मोडतोड ते सांधून घेतं. फारच असली की त्याचंही बळ पुरत नाही."

तो बराच वेळ काही बोलला नाही.

नवा शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि बाहेर पडायला आणखी थोडे दिवस. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलं. त्याने विडी सोडली. मालकाच्या हातापाया पडून भट्टीसमोरून हलला आणि पाव मोजून गाडीत भरायचं काम घेतलं. तीन महिन्यांनी आकडा 22 वर आला. "हमी नाही देत," डॉक्टर म्हणाले, "पण सुधारणा आहे."

घरी आला तेव्हा ओट्यावर शेजारीण बसली होती आणि आईचं तेच चाललं होतं, जमीन आणि बी. तो उंबऱ्यात थांबला.

"आई, मोडतोड माझ्याकडची होती. ही ती सांधत होती."

शेजारीण उठून गेली. म्हातारी सुनेकडे बघत राहिली.

पुढे सुगी आली. पोती रचताना एका टोकाला तो होता, दुसऱ्या टोकाला म्हातारी. सून मोजत होती.

"हळू ठेव रे," म्हातारी म्हणाली. "आत जीव असतो."

मोजायला सोपं असतं तेवढं माणूस मोजतो आणि त्यावर निकाल देऊन मोकळा होतो. आत बघायचं तर आधी स्वतःकडे बघावं लागतं. तसं बघितलं की कधी कधी कळतं, ज्याच्या माथी आपण दोष मारला, तोच आपली मोडतोड निमूटपणे सांधत होता.