हा सदरा कोणी शिवला?

आपल्या अंगातील सदऱ्यास काय पडले, असे कोणी विचारले तर दुकानदारास दिलेले रुपये आपण तत्काळ सांगतो. परंतु तो कोणी शिवला, असे विचारले तर बहुतेकांस काहीच सांगता येत नाही. हे अज्ञान निर्दोष आहे काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. तो आम्हांस कोणत्या ग्रंथातून सुचला नाही. स्वतःचा एक सदरा स्वतः शिवावयास बसलो तेव्हा सुचला.

अमेरिकेत व विलायतेत घरच्या घरी कपडे शिवण्याची चाल जुनी आहे, आणि तिला कागदी नमुन्यांचा मोठा आधार आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात एबेनेझर बटरिक नावाचा शिंपी होता. त्याने १८६३ साली पातळ कागदाचे, निरनिराळ्या मापांचे नमुने विकावयास काढले. आरंभीचे नमुने पुरुषांच्या व मुलांच्या कपड्यांचे होते; स्त्रियांच्या कपड्यांचे मागाहून निघाले. सिंगर ह्याच्या शिवणयंत्रास १८५१ सालीच पेटंट मिळाले होते. यंत्र व नमुना ही दोन्ही घरात आली, तेव्हा जे शिंप्याच्या मुलास बापाजवळ वर्षानुवर्षे बसून शिकावे लागे त्यातील थोडे तरी सामान्य माणसाच्या हाती आले. त्या काळच्या नमुन्यांवर छापलेली रेघ नसे. कागदास पाडलेली बारीक भोके व कडेच्या खाचा ह्यांवरून कोणता तुकडा कोठे जोडावा हे ओळखावे लागे. असे जुने नमुने हौशी लोक आजही जपतात. जीर्ण कागद फाटू नये म्हणून ते आधी दुसऱ्या कागदावर उतरून घेतात, व मग त्यावरून कापड बेततात.

असाच सदऱ्याचा एक नमुना आमच्या हाती आला. दोन पुढचे भाग, पाठ, खांद्याची पट्टी, बाह्या, कफ, कॉलर व तिची पट्टी. एवढेच काय ते तुकडे. हे तर सहज होईल, असे आम्हांस वाटले. पहिली अडचण मापाची. छातीस फीत लावताना आम्ही नकळत छाती फुगविली आणि कमरेस लावताना पोट आत ओढले, व तीच मापे कागदावर लिहिली. मनुष्य फितीलाही फसवू पाहतो! दुसरी चूक त्याहून मोठी. कापड एकेरी पसरून, नमुना न उलटविता आम्ही दोन्ही बाह्या बेतल्या. त्या पाहून आमच्या घरच्या मंडळींनी विचारले, "अहो, दोन डावे हात कोणाला असतात?" तेव्हा दुसऱ्या बाहीसाठी नवे कापड आणावे लागले.

पुढे बाही मुंढ्यात बसविण्याची वेळ आली. बाहीचा वरचा गोलावा मुंढ्याहून किंचित अधिक असतो; तो चुणी न पडू देता थोडा थोडा मुरवून घ्यावा लागतो. ती शिवण आम्ही तीन वेळा उसविली. मग कॉलरची दोन टोके सारखी करणे, कफ लावणे, काजे करणे. असे होता होता आठ संध्याकाळी गेल्या. शेवटी तो सदरा व बाजारातून आणलेला एक सदरा आम्ही शेजारी शेजारी ठेविले. बाजारच्या सदऱ्यातही तोच मुंढा, तीच कॉलर, तीच काजे. यंत्र टाका घालते हे खरे, परंतु मऊ कापड सुईखाली वळवावयास आजही बहुतेक ठिकाणी माणसाचाच हात लागतो. मग तो हात कोणाचा? इतक्या थोड्या पैशांत त्याच्या वाट्यास काय आले असेल?

येथे एक घटना सांगितली पाहिजे. बांगलादेशात ढाक्क्याजवळ सावार येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तीत कपडे शिवण्याचे अनेक कारखाने होते, व तेथील माल दूरदेशीच्या दुकानांत जाई. २३ एप्रिल २०१३ रोजी तिच्या भिंतींस तडे दिसले. खालच्या मजल्यांवरील बँक व दुकाने बंद करण्यात आली. शिवणाऱ्यांस मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलाविण्यात आले. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. एकच भिंत, एकच तडा. परंतु कोणाचा जीव जपावयाचा व कोणाचा नाही, हा भेद मनुष्यांनी केला.

यापो येथील टबीथा मरण पावली तेव्हा विधवा रडत उभ्या होत्या, व तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे दाखवीत होत्या, ही गोष्ट आपणांस ठाऊक आहे. आपले वस्त्र कोणत्या हातांनी झाले हे त्या विधवांस माहीत होते. सावारच्या ढिगाऱ्याखाली जे हात गेले त्यांचे सदरे घालणारांस ते माहीत नव्हते.

तर मग प्रत्येकाने आपला सदरा घरी शिवावा, म्हणजे दोष फिटला, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. आम्ही सदरा शिवला, पण सूत कातले नाही, कापड विणले नाही, बटणेही केली नाहीत. शिवाय सर्वांनीच बाजारचे कपडे टाकले, तर ज्यांची दया येते त्यांचीच भाकर जाईल. सावारनंतर त्याच वर्षी मोठे व्यापारी व कामगार संघ ह्यांच्यात करार होऊन शेकडो कारखान्यांच्या इमारती तपासण्यात आल्या. माल घेणारे विचारू लागले म्हणजे काही तरी होते, हे त्यावरून दिसते. नुसते पाठ फिरविल्याने ते होत नाही.

मग घरच्या शिवणाचा लाभ कोणता? आमच्या मते एवढाच की, त्याने न जाणण्याची सबब संपते. ज्याने एक मुंढा तीनदा उसविला त्यास शिलाई म्हणजे काय, हे ठाऊक नाही असे पुन्हा म्हणता येणार नाही. आमच्याच गावच्या शिंप्याशी दहा रुपयांसाठी आम्ही किती वेळा घासाघीस केली, हे त्या आठ संध्याकाळी आम्हांस आठवले व लाज वाटली. आता तो सांगेल ती शिलाई आम्ही देतो. सदरा फाटला तर आधी ठिगळ लावतो, मग नव्याचा विचार करतो. ह्याने जग सुधारेल असा आमचा दावा नाही. पण जे कळले ते न कळल्यासारखे वागणे हे मात्र पाप होय.

तो सदरा आम्ही अजून वापरतो. दुसरे कापड त्याच रंगाचे मिळाले नाही, यास्तव उजवी बाही किंचित फिकी आहे. लोक हसून विचारतात, हा कोणी शिवला? त्या एका सदऱ्याविषयी आम्हांस उत्तर देता येते. पेटीतील बाकीच्या सदऱ्यांविषयी मात्र तोच प्रश्न आमच्याकडे अद्याप उधार आहे.