खाडाखोड

चूक सुधारावी, हे मास्तरांनी शिकवलं. पण चारचौघांत सुधारावी की गुपचूप, हे राहूनच गेलं.

कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांचंच घ्या. जुन्या पुस्तकांत जन्मतारीख २६ जुलै १८७४. आता जयंती २६ जूनला होते. आमच्या घरच्या पुस्तकात वडिलांनी ‘जुलै’वर रेघ मारून वर ‘जून’ लिहिलंय. खालचा जुलै अजून स्वच्छ वाचता येतो. इतकी वर्षं आपण चुकत होतो, याचा लेखी कबुलीजबाबच तो!

चिरंजीवांनी माझ्या मोबाइलवर फीड-रीडर बसवून दिलाय. सकाळी त्यात वाचलं, उद्या नळाला पाणी नाही. घागरी, बादल्या, सगळं सौ.कडून भरून घेतलं. दुपारी बघतो तर त्याच मथळ्याखाली ‘पाणी येणार’!

चिरंजीव म्हणाले, “बाबा, प्रत्येक बातमीला एक ओळखखूण असते. खूण तीच राहिली, की नवा मजकूर जुन्यावर बसतो. बदलली, की तीच बातमी नवी म्हणून पुन्हा येते. काही रीडर बदललेले शब्द रंगवूनही दाखवतात.”

आमचा बिनरंगाचा निघाला.

सौ. कमरेवर हात ठेवून उभी. “अहो, कुठाय ती सकाळची बातमी? दाखवा की!”