मोजे उलटे करून दाखवा

बूट काढा सगळ्यांनी. मोजेही काढा आणि उलटे करून बाकावर ठेवा. हसायचं नाही. परवा कळसूबाईहून उतरताना तुमच्यातल्या एकाला दोघांच्या खांद्यावर हात टाकून बारी गावापर्यंत आणावं लागलं, तेव्हा कुणी हसत नव्हतं.

त्याच्या टाचेवर रुपयाएवढा फोड फुटला होता. कातडी लोंबत होती, मोजा त्याला चिकटला होता. पाणी ओतून ओतून मी तो सोडवला. उलटा करून बघितला तर टाचेपाशी कापड इतकं विरलेलं, की आत घातलेलं माझं बोट बाहेरून दिसत होतं. नवे बूट केवढ्याला घेतले हे त्याने जाताना गाडीत सगळ्यांना सांगितलं होतं. मोजे कुठले म्हणून विचारलं, तर म्हणाला, "घरात होते ते घातले, सर."

घरात होते ते! पावसाळ्यात १६४६ मीटरचा डोंगर चढायचा, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि पायात काय, तर घरात होते ते! बुटाचा रंग, तळव्याची नक्षी, सगळं चार-चार दुकानं फिरून बघता. पण बूट तुमच्या कातडीला लागत नाही, मोजा लागतो. दिवसभर, प्रत्येक पावलाला. त्याची चौकशी तुमच्यापैकी एकाने तरी केली होती का? मान खाली घालू नका, उत्तर द्या.

आणि दुखायला केव्हा लागलं? दुसऱ्या शिडीपाशी. म्हणजे चढताना! तिथून माथा, माथ्यावरून परत, एवढा वेळ हा मुलगा गप्प राहिला. का, तर बाकीचे चिडवतील म्हणून. याचा राग मला फोडापेक्षा जास्त आहे. टाच चुरचुरायला लागली की तिथेच बसायचं, बूट काढायचा, जागा कोरडी करायची आणि कागदी चिकटपट्टी लावायची. पाच मिनिटांचं काम. ते न करता दात-ओठ खात चालणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही. त्याच्यामुळे पंधरा जण अंधारात उतरले, ओल्या कातळावरून. आणि चिडवणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. ज्याच्या भीतीने तो गप्प बसला, ते तुमचं तोंड होतं.

आता मोज्याकडे बघा. आतून हात फिरवा. बोटांपाशी जाड शिवण लागते ना हाताला, दोरीसारखी? तीच करंगळीला आणि अंगठ्याच्या नखाला घासते. चांगल्या मोज्यात ती जवळजवळ सपाट असते, बोट फिरवलं तरी अडत नाही. टाचेचा खोलगटपणा बघा. तुमच्यातल्या निम्म्यांचे मोजे 'फ्री साइज' आहेत. पाय लहान असेल तर मोज्याची टाच घोट्याजवळ चढते आणि चवड्याखाली चुणी पडते. चुणी म्हणजे फोडच, थोड्या वेळाने येणारा. मोजा पायाच्या मापाचाच घ्यायचा, बुटासारखा.

कापडाचं सांगतो. "सर, आई म्हणते सुती चांगलं." सदऱ्याला चांगलंच, मे महिन्यात तर फारच चांगलं. पण तळपायावर घामाच्या ग्रंथी तळहातासारख्याच दाट असतात, आणि बुटात वारा जात नाही. सुती मोजा तो घाम पितो आणि धरून ठेवतो. वरून भातखाचरातलं पाणी. दोन तासांत कातडी पांढरी, सुरकुतलेली, मऊ होते, धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी. मऊ कातडीवर ओलं कापड पुढे-मागे सरकत राहिलं की वरचा थर खालच्यापासून सुटतो आणि मध्ये पाणी भरतं. हा तुमचा फोड. बूट चावला, बूट चावला म्हणता. चावतो तो ओला मोजा.

लोकरीचं नाव काढलं की तुम्हाला घोंगडी आठवते, अंगाला टोचणारी. तो आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचा जाड तंतू. मेरिनो मेंढीचा तंतू फार बारीक असतो, तो टोचत नाही. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि वासही लवकर धरत नाही. पण निव्वळ लोकर टाचेशी लवकर झिजते, म्हणून तिच्यात नायलॉन मिसळलेलं हवं, आणि ताणाला थोडं इलास्टेन. हे सगळं वेष्टनावर लिहिलेलं असतं. वाचायला शिकलात ना? मग वाचा.

मेरिनो महाग असते, हे मला माहीत आहे. कुणाच्या घरी या खर्चासाठी हट्ट केल्याचं कळलं तर माझ्याशी गाठ आहे. पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या मिश्रणाचे खेळाचे मोजे घ्या, टाचेला आणि चवड्याला आतून टॉवेलसारखी वीण असलेले. चालतील. उंची मात्र बुटाच्या काठाच्या वर हवी. घोट्याखाली संपणारे मोजे घालून आलात, तर दिवाळीच्या सुमाराला वाळल्या गवताची कुसळं थेट कातडीत शिरतील. आणि नवा जाड मोजा जुन्या घट्ट बुटात कोंबू नका. बूट घ्यायला जाल तेव्हा हाच मोजा घालून जा, आणि संध्याकाळी जा, पाय दिवसभराने थोडे फुगलेले असतात.

पण धो-धो पावसात कुठलाच मोजा कोरडा राहत नाही, मग तो कितीही महागाचा असो. म्हणून दुसरा जोड लागतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या गार चिखलात दिवस-दिवस उभं राहून सैनिकांचे पाय सडायचे. 'ट्रेंच फूट' म्हणायचे त्याला, कित्येकांचे पाय कापावे लागले. मग ब्रिटिश सैन्यात शिस्त लागली: पाय पुसायचे, व्हेलचं तेल चोळायचं, कोरडे मोजे घालायचे, आणि हे झालं की नाही ते अधिकाऱ्याने पाय बघून तपासायचं. तोफा चालू असताना माणसं मोजे बदलत होती. तुम्हाला माथ्यावर फोटो काढायला अर्धा तास मिळाला. मोजे बदलायला मिळाला नाही?

रोजच्या शाळेचंही सांगून टाकतो. सकाळी सातला घातलेला पांढरा नायलॉनचा मोजा संध्याकाळी क्लासहून आल्यावर काढता, तोच वाळत टाकता आणि दुसऱ्या दिवशी तोच. मग बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, खाज सुटते, आणि अंघोळीनंतर ती जागा पुसायचाही कंटाळा. तीन जोड ठेवा, आलटून-पालटून घाला. उलटे करून धुवा, सावलीत वाळवा, सुगंधी कंडिशनर घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम शोषला जात नाही. आणि मोजा सैल झाला म्हणून पोटरीला रबरबँड लावणारे इथे तिघे आहेत. ते वळ मला दिसतायत. आत्ता काढा. सैल झालेला मोजा फेकायचा असतो, बांधायचा नसतो.

घरात आजी-आजोबांना मधुमेह असेल तर त्यांचेही मोजे आज बघा. त्यांच्या पायाला टोचलेलं कित्येकदा कळत नाही. शिवणीची जखम दिसेपर्यंत चिघळलेली असते.

आता नखं. सरळ कापायची, कोपरे खोल घेऊन नाही. ज्यांची वाढलीत त्यांनी उद्या कापून यायचं.

पुढच्या महिन्यात हरिश्चंद्रगड आहे. बसच्या दाराशी मी उभा असेन आणि प्रत्येकाची पिशवी उघडून बघेन. पायात मापाचे मोजे आणि पिशवीत एक कोरडा जोड, एवढं नसेल तर बसमध्ये चढता येणार नाही, मग पैसे भरलेले असोत की नसोत. ज्याच्या घरी खरोखर अडचण आहे त्याने मधल्या सुट्टीत मला एकट्याला येऊन भेटावं. माझ्या कपाटात सहा नवे जोड आहेत.