शुद्ध हरपण्यापूर्वी

“पोरगा शुद्धीवर नव्हता हो, फादर. शुद्धीवर असता तर त्याने मुंगीलाही दुखावले नसते.” धर्मग्रामाच्या कचेरीत बसून एक आई मला सांगत होती. (ही पापनिवेदनातील गोष्ट नाही, म्हणूनच लिहितो.) तिचा एकवीस वर्षांचा मुलगा लग्नाच्या मांडवातून मोटारसायकलवर घरी निघाला आणि पहाटेच्या गाडीसाठी फुलांची टोपली घेऊन स्टेशनकडे चाललेल्या एका गृहस्थाला त्याने धडक दिली. त्या गृहस्थाचा एक पाय कायमचा गेला.

आईचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. पापाला जाणीव लागते आणि संमती लागते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गातच शिकलो. ज्याची जाणीवच मावळली, त्याच्या माथी पाप कसे मारावे?

प्रश्न जुना आहे. मद्यधुंद अवस्थेत अपराध करणाऱ्याला दुप्पट दंड करणाऱ्या कायद्याचा उल्लेख ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात केला आहे. धुंद न होणे त्या माणसाच्या हाती होते, हे त्याचे कारण. संत थॉमस अक्वायनस अधिक हळुवार आहेत. नशेमुळे पुढील कृत्याचा दोष काहीसा उणावतो, हे ते मान्य करतात. पण नशाच स्वेच्छेने पत्करलेली असेल तर पूर्ण सुटका नाही. म्हणजे पापाची घटका शोधायची ती धडकेच्या क्षणी नव्हे. ती मागे आहे. खिशात गाडीची चावी असताना पहिला पेला हाती घेतला, त्या पूर्ण शुद्धीच्या क्षणी आहे. पेल्यागणिक आधी मंदावते ती पारखण्याची शक्ती; पाय लटपटतात ते नंतर. म्हणून ‘मला काही झालेले नाही’ हे पिणाऱ्याचे वाक्य बहुधा प्रामाणिक असते, आणि त्यातच सारा घात आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाने नशेत किंवा वेगाच्या हव्यासाने रस्त्यावर इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष मानला आहे, तोही पाचव्या आज्ञेच्या विवेचनात.

न्यायालयानेही हाच मार्ग धरला. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये एका तरुणाच्या मोटारीखाली पदपथावर झोपलेले सात मजूर ठार झाले. सत्र न्यायालयाने हलगर्जीपणा मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून ती तीन वर्षे केली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम राखली. मारण्याचा हेतू नव्हता, पण आपल्या कृत्याने माणसे मरू शकतात ही जाणीव होती, असे मानले गेले. कोणाला इजा झाली नाही तरी, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर त्याच्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याने बोट पालकाकडे वळवले, हे मला महत्त्वाचे वाटते.

त्या माउलीला मी यातले काहीच सांगितले नाही. बराच वेळ गप्प बसून तीच म्हणाली, “दुसरा पेला त्याच्या मामाने दिला. मी समोरच होते, फादर. हसले.”

त्या मांडवात मीही होतो. नवदाम्पत्यासाठी शुभेच्छांचा पेला उंचावण्याचा मान माझा होता, आणि बाहेर ओळीने लावलेल्या मोटारसायकली मी आत शिरतानाच पाहिल्या होत्या. काना गावच्या लग्नाचा दाखला आपण फार सोयीने देतो. तिथल्या वऱ्हाड्यांपाशी मोटारसायकली नव्हत्या.

हल्ली लग्नाची तारीख घ्यायला घरची मंडळी येतात, तेव्हा मी विचारतो की रात्री पोरांच्या चाव्या कोणाकडे राहणार? काही यजमान रागावतात. एका वाडीत मात्र नवऱ्याच्या आत्याने मांडवाच्या दाराशी परात घेऊन ठाण मांडले, चाव्या गोळा केल्या आणि पोरांना टेम्पोने घरी पोचवले. पोरे कुरकुरली, इतकेच.

तो मुलगा दर रविवारी मिस्सानंतर त्या गृहस्थाच्या घरी जातो. पहिले दोन महिने त्यांनी दार उघडले नाही. आता ते त्याला ओटीवर बसू देतात. खटला अजून चालू आहे.